सुसरीच्या रूपाला न भुलता पॅरासुकस कसा ओळखावा

विहिरीच्या खोदाईत किंवा शेततळं काढताना हाडासारखं काही निघालं, की आपल्या सोलापूरकडे लोक ते पिशवीत घालून शाळेतल्या विज्ञानाच्या सरांकडे आणतात. "सर, मगरीचं हाड हाय बघा," असं म्हणत टेबलावर ठेवलेले दगड मी पुष्कळ पाहिले आहेत. बहुतेकदा तो चुनखडीचा गोटा निघतो. प्रश्न मात्र चांगला असतो. हाड मगरीचं आहे हे ठरवायचं कशावरून? लांब जबडा, टोकदार दात, पाठीवर हाडांची ढाल एवढ्यावर भागत नाही. सुमारे २३ कोटी वर्षांपूर्वी गोदावरीच्या खोऱ्यात एक प्राणी राहत होता. त्याचं चित्र पाहिलं तर कुणीही त्याला घडियाल, म्हणजे लांब निमुळत्या जबड्याची सुसर, म्हणेल, आणि तो घडियालच काय, मगरसुद्धा नव्हता. त्याचं नाव पॅरासुकस हिस्लोपी. फायटोसॉर नावाच्या गटातला तो आपल्या देशातला सगळ्यात नीट माहीत असलेला प्राणी.

त्यालाच उदाहरणाला घेऊन हाडं कोणत्या क्रमाने तपासायची ते इथे सांगतो. क्रमाला महत्त्व आहे. ज्या खुणा पहिल्या नजरेत भरतात त्या शेवटी बघायच्या, आणि ज्या शोधाव्या लागतात त्या आधी. सामान फार लागत नाही. मगर, घडियाल आणि पॅरासुकस यांच्या कवटीचे वरून, बाजूने आणि खालून काढलेले फोटो किंवा रेखाचित्रं छापून घ्या. पट्टी, रंगीत पेन्सिली आणि चौकटीची वही घ्या. जमल्यास एक उकडलेली कोंबडीची तंगडी. शाकाहारी मंडळींनी फोटोवर भागवावं.

आधी दगड कुठला ते बघा

ही पायरी हाडांच्या आधीची आहे आणि सोलापूरकरांसाठी सगळ्यात उपयोगाची. आपण ज्या काळ्या पाषाणावर राहतो तो लाव्हाचा दगड, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थिजलेला. पॅरासुकस त्याच्याही १६ कोटी वर्षं आधीचा. म्हणजे अक्कलकोटच्या विहिरीत किंवा बार्शीच्या खाणीत हा प्राणी मिळणं शक्यच नाही, कितीही खोल गेलात आणि दगड कितीही हाडासारखा दिसला तरी. लाव्हाच्या दोन थरांमध्ये अडकलेल्या तळ्यांच्या गाळात देशात इतरत्र बेडूक, कासवं वगैरे मिळाली आहेत. भीमा-सीनेच्या काठच्या गाळात अलीकडच्या काळातली जनावरांची हाडं मिळू शकतात. पण ट्रायासिक, म्हणजे पॅरासुकस ज्यात जगला त्या, काळातला प्राणी हवा असेल तर त्या काळातला दगड हवा. पॅरासुकसचा दगड म्हणजे प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातली मलेरी नावाची लालसर चिकणमातीच्या खडकांची मालिका. मलेरी हे गाव आता तेलंगणात आहे.

आता हातातला तुकडा. आपल्याकडे दोन गोष्टी फार फसवतात. एक, काळ्या मातीतले चुनखडीचे गोटे. मुळांच्या भोवती चुना साठत गेला की त्यांना बोटासारखा, कण्यासारखा आकार येतो. दुसरी, पोकळ्यांचा पाषाण. लाव्हातले वायूचे बुडबुडे नंतर पांढऱ्या खनिजांनी भरतात आणि तुटलेला तुकडा हाडाच्या आतल्या जाळीसारखा दिसतो. ओळख तुटलेल्या बाजूवर करायची, वरच्या आकारावर नाही. खऱ्या हाडाला बाहेरून घट्ट थर असतो आणि आत एकमेकांना जोडलेल्या बारीक काड्यांची जाळी असते. बुडबुड्यांच्या दगडात पोकळ्या सुट्या सुट्या, गोल किंवा लांबट असतात आणि बाहेर वेगळा थर नसतो. चुनखडीचा गोटा आत एकसारखा भरीव असतो, किंवा कांद्यासारखे पापुद्रे दिसतात. लिंबू पिळून फेस आला तर चुना आहे एवढंच कळतं. जीवाश्म हाडांतही चुना मुरलेला असू शकतो, म्हणून केवळ फेसावर निकाल देऊ नका.

पायरी पहिली: मोठं घराणं ठरवा

कवटी आहे आणि ती सरपटणाऱ्या प्राण्याची आहे असं धरू. आता भोकं मोजा. डोळ्याच्या मागे दोन खिडक्या, एक वर आणि एक बाजूला. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये आणखी एक खिडकी. खालच्या जबड्याच्या बाहेरच्या अंगाला एक. आणि दात खोबणीत रुतलेले. हे सगळं असेल तर प्राणी आर्कोसॉर किंवा त्यांच्या अगदी जवळच्या नात्यातला. मगरी, डायनोसॉर, पक्षी आणि फायटोसॉर हे सगळे या मोठ्या घराण्यात येतात.

डोळ्यापुढची खिडकी नीट लक्षात ठेवा. पॅरासुकसमध्ये ती आहे. आजच्या मगरीत आणि घडियालमध्ये ती पूर्ण बुजलेली आहे. छापील चित्रांवर ही एक जागा लाल पेन्सिलीने रंगवली तरी तीन कवट्या शेजारी ठेवल्यावर फरक लगेच दिसतो. पण घाई नको. मगरीच्या आदिम नातेवाइकांत ही खिडकी होती, म्हणून ती दिसली की 'हा मगरीच्या वंशातला नाही' असं म्हणता येत नाही. 'आजची मगर नाही' एवढंच म्हणता येतं.

पायरी दुसरी: नाकपुडी कुठे आहे

सगळ्या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही.

घडियालचा फोटो घ्या. नाकपुड्या जबड्याच्या अगदी टोकाला आहेत. वयात आलेल्या नराच्या टोकावर जो घागरीसारखा उंचवटा येतो तो या नाकपुड्यांवरच. आता पॅरासुकसची कवटी वरून बघा. टोकाला काहीच नाही. लांब नळीसारखा जबडा मागे जात राहतो आणि नाकपुड्या बऱ्याच मागे, डोळ्यांच्या दिशेला, वर तोंड करून उघडतात. पट्टीने दोन अंतरं मोजा: जबड्याच्या टोकापासून नाकपुडीपर्यंत आणि टोकापासून डोळ्यापर्यंत. पहिल्याला दुसऱ्याने भागा. घडियालमध्ये उत्तर शून्याला चिकटून येईल, पॅरासुकसमध्ये ते मोठं येईल. मोजमाप कवटीच्या आकारावर अवलंबून नाही, म्हणून फोटो लहानमोठा छापला असला तरी चालतं. फक्त फोटो तिरका काढलेला नको.

हा फरक आला कसा, हे हाडं बघितल्यावर कळतं. वरच्या जबड्यात पुढे प्रीमॅक्सिला नावाचं हाड असतं आणि त्याच्या मागे मॅक्सिला. मगरीत आणि घडियालमध्ये प्रीमॅक्सिला टोकापुरतं असतं आणि जबड्याची लांबी मॅक्सिलाने वाढवलेली असते. फायटोसॉरमध्ये उलट: प्रीमॅक्सिलाच ताणलं जाऊन लांब नळी झाली आणि नाकपुड्या त्याच्या मागे ढकलल्या गेल्या. बाहेरून दोन्ही जबडे सारखे लांब, पण लांबी वेगवेगळ्या हाडांनी आणलेली. दोन हाडांमधली सांध्याची रेघ शोधा आणि दोघांना वेगळे रंग द्या. रेघ झिजली असेल तर दात मोजा. मगरीच्या प्रीमॅक्सिलात दर बाजूला पाचच्या आसपास दात असतात. फायटोसॉरमध्ये त्या एका हाडातच दातांची लांब रांग असते, जबड्याचं टोक थोडं खाली वाकलेलं असतं आणि टोकाचे दात मोठे असतात.

नाकपुड्यांच्या लगत सेप्टोमॅक्सिला नावाची आणखी एक हाडांची जोडी फायटोसॉरमध्ये चांगली मोठी असते. आजच्या मगरीत ती नाहीच. तुकडा मोडका असेल तर ही हाडं शोधायला नवख्याने जाऊ नये, रेघा एकमेकींत मिसळतात.

एक इशारा. नाकपुडी मागे सरकलेली दिसली की लगेच फायटोसॉर म्हणायचं नाही. पक्ष्यांच्या चोचीतही बराचसा भाग प्रीमॅक्सिलाचा असतो आणि नाकपुडी चोचीच्या बुडाकडे असते. एकच सोय निसर्गात अनेकदा स्वतंत्रपणे घडते, म्हणून एका खुणेवर कुणाचंही घराणं ठरवू नये.

पायरी तिसरी: कवटी उलटी करा

मगर पाण्यात तोंड उघडूनही श्वास घेऊ शकते, कारण तिच्या टाळूला हाडांचं पूर्ण छत आहे. नाकातून आलेली हवा त्या छतावरून मागे घशापर्यंत जाते आणि आतल्या नाकपुड्या कवटीच्या खालच्या बाजूला पार मागे उघडतात. खालून काढलेल्या फोटोत ते भोक सहज सापडतं. पॅरासुकसमध्ये असं हाडांचं पूर्ण छत नाही आणि आतल्या नाकपुड्या बऱ्याच पुढे, बाहेरच्या नाकपुड्यांच्या खालीच आहेत. पण बाहेरच्या नाकपुड्याच मागे असल्यामुळे त्याला लांब छताची तेवढी गरजही नव्हती. डोळे आणि नाक पाण्याबाहेर, बाकी सगळा जबडा पाण्यात, अशी त्याची व्यवस्था. पाण्यात दडून राहायचं आणि श्वासही घ्यायचा, या एकाच अडचणीवर दोन कुळांनी काढलेले हे दोन वेगळे मार्ग आहेत, आणि मला तर या प्राण्याची हीच गोष्ट सगळ्यात आवडते.

पायरी चौथी: घोटा

कवटी नसेल आणि मागच्या पायाचा घोटा मिळाला असेल तर अभ्यासक जास्त खूश होतात. आर्कोसॉरांच्या वर्गीकरणात घोट्याइतका वाद दुसऱ्या कुठल्या सांध्यावर क्वचितच झाला असेल.

आधी तंगडी. उकडलेल्या तंगडीचं मोठं हाड स्वच्छ करा आणि खालचं टोक बघा, जिथे खाटीक पाय तोडतो ते. कोंबडीत घोट्याची वरची हाडं नडगीच्या हाडाला जोडून एकजीव झालेली असतात. सांधा त्यांच्या खालून, सरळ आडव्या रेषेत जातो. डायनोसॉरांचाही घोटा याच धर्तीचा. पाय पुढे-मागे हलतो, बिजागरीसारखा.

मगरीत तसं नाही. घोट्याची दोन मोठी हाडं असतात. आतलं अ‍ॅस्ट्रॅगॅलस नडगीला घट्ट धरून राहतं, बाहेरचं कॅल्केनियम, म्हणजे टाचेचं हाड, पावलाबरोबर फिरतं. सांधा या दोघांच्या मधून जातो. अ‍ॅस्ट्रॅगॅलसला एक खुंटी असते, ती कॅल्केनियममधल्या खोबणीत बसते, आणि टाचेला मागे एक ठळक उंचवटा असतो. मगर पाय अंगाबाहेर पसरून सरपटते आणि गरज पडली तर पाय शरीराखाली घेऊन उंच चालतेही, त्यात या फिरत्या सांध्याचा वाटा आहे.

पॅरासुकसचा घोटा मगरीच्या धर्तीचा आहे. खुंटी अ‍ॅस्ट्रॅगॅलसवर, खोबण कॅल्केनियममध्ये, टाचेला उंचवटा. कवटी बघून 'हा मगरीपेक्षा वेगळा' म्हणत आलो आणि घोटा सांगतो 'मगरीच्या जवळचा'. ही विसंगती लपवायची नाही, वहीत लिहून ठेवायची. तक्ता करताना तिचाच उपयोग होणार आहे.

उरलेला सांगाडा, झटपट

मनगट बघा. मगरीच्या कुळात मनगटाची दोन हाडं लांबट, मधे बारीक आणि दोन्ही टोकांना रुंद झालेली असतात. ही त्या कुळाची फार विश्वासू खूण. पॅरासुकसची मनगटाची हाडं अशी लांबलेली नाहीत.

गळ्याशी कॉलर बोन बघा. आजच्या मगरीत ती नाही, फायटोसॉरमध्ये आहे. मणक्यांची टोकं बघा. आजच्या मगरीच्या मणक्याला पुढे वाटी आणि मागे गोळा असतो, फायटोसॉरच्या मणक्याला दोन्ही बाजूंना उथळ खळगा किंवा सपाटी.

पाठीची ढाल दोघांनाही आहे. 'सुसरबाई सुसरबाई, तुझी पाठ किती मऊ' असं म्हणायची वेळ फायटोसॉरसमोरही आलीच असती. त्याच्या पाठीवर हाडांच्या पट्ट्यांच्या रांगा होत्या, आणि शिवाय गळ्याखाली हाडांच्या छोट्या तुकड्यांचं चिलखत होतं. सुट्या पट्ट्यांवरून प्रजाती ठरवायच्या फंदात पडू नका.

दात सगळ्यात शेवटी

दात मुबलक सापडतात, म्हणून लोक त्यांच्यापासूनच सुरुवात करतात. तिथेच फसतात. शंकूसारखा, किंचित वाकलेला दात मगरीचा, फायटोसॉरचा किंवा आणखी कुणाचाही असू शकतो. या गटाचं पहिलं नावच एका दाताच्या गोंधळातून आलं. १८२८ मध्ये जर्मनीत गेओर्ग फ्रीड्रिश येगर यांनी एका जबड्याचं वर्णन केलं. दातांच्या खोबणीत साचून घट्ट झालेल्या चिखलाचे साचे त्यांना बोथट दात वाटले. बोथट दात म्हणजे झाडपाला खाणारा, असं धरून त्यांनी त्याला फायटोसॉरस हे वनस्पतीशी जोडलेलं नाव दिलं. प्राणी पक्का मांसाहारी होता. नाव मात्र आजही तेच चालतं. म्हणून दात हातात आला की आधी तो खरंच दात आहे की खोबणीतला गाळ हे बघावं. दाताला चकाकीचा बाहेरचा थर असतो, गाळाला नसतो.

खाण्याचा अंदाजही जबड्यावरून बांधू नये. बारीक लांब जबडा म्हणजे फक्त मासे, असा आपला समज घडियालमुळे झालेला असतो. मलेरीत मिळालेल्या पॅरासुकसच्या दोन सांगाड्यांच्या पोटाच्या जागी मॅलेरीसॉरस नावाच्या लहान सरपटणाऱ्या प्राण्याची हाडं निघाली. ती वेगळी काढून अभ्यासली तेव्हा १९८० मध्ये त्या प्राण्याचं वर्णन झालं.

मग मगरीचे खरे पूर्वज कुठे होते?

ट्रायासिकच्या शेवटच्या टप्प्यात, फायटोसॉर नद्यांमधून दबा धरून बसत होते तेव्हा मगरीच्या खऱ्या कुळातले प्राणी जमिनीवर धावत होते. वेल्समध्ये मिळालेला टेरेस्ट्रिसुकस घ्या. लांबी मीटरभराच्या आत, पाय लांब आणि सडपातळ. चित्र पाहून कुणी त्याला मगर म्हणणार नाही, पण मनगटाची लांबलेली हाडं त्याची साक्ष देतात. म्हणजे त्या काळात जो मगरीसारखा दिसत होता तो मगरीच्या कुळातला नव्हता, आणि जो त्या कुळातला होता तो तसा दिसत नव्हता. सुमारे २० कोटी वर्षांपूर्वी ट्रायासिकबरोबर फायटोसॉर संपले, आणि पुढे ज्युरासिकपासून मगरीच्या कुळातले प्राणी त्या पाण्यातल्या जागा घेत गेले. पॅरासुकसला 'मगरीचा पूर्वज' म्हणणारा मजकूर दिसला तर तो बाजूला ठेवा.

तक्ता मांडा

आता वही उघडा. आडव्या ओळींत पाच प्राणी: युपार्केरिया, पॅरासुकस, टेरेस्ट्रिसुकस, मगर आणि सीलोफायसिस. युपार्केरिया हा दक्षिण आफ्रिकेतला ट्रायासिकचा जुना प्राणी. तो तुलनेचा पाया म्हणून घेतला आहे, बाकीच्यांची नाती ठरवताना तो बाहेरचा धरायचा. सीलोफायसिस हा ट्रायासिकमधला छोटा डायनोसॉर. कोंबडी मुद्दाम घेतली नाही, कारण नाकपुडीच्या रकान्यात ती घोळ घालते हे वर पाहिलंच.

उभ्या रकान्यांत सहा खुणा घ्या आणि असेल तिथे १, नसेल तिथे ० लिहा. डोळ्यापुढची खिडकी मगर सोडून सगळ्यांना १. मागे सरकलेली नाकपुडी फक्त पॅरासुकसला १. खुंटी-खोबणीचा घोटा पॅरासुकस, टेरेस्ट्रिसुकस आणि मगर यांना १. लांबलेली मनगटाची हाडं टेरेस्ट्रिसुकस आणि मगर यांना १. घोट्याची दोन्ही हाडं नडगीला धरून असणं फक्त सीलोफायसिसला १. हाडांचं पूर्ण टाळूछत फक्त मगरीला १.

वाचायचं कसं? मुलं इथे हमखास गोंधळतात, म्हणून सावकाश जा. खिडकीचा रकाना नातं सांगत नाही. पाया म्हणून घेतलेल्या प्राण्यातच ती आहे, म्हणजे ती सगळ्यांना वारशाने आलेली जुनी गोष्ट आहे. पॅरासुकस आणि डायनोसॉर दोघांना ती आहे म्हणून ते जवळचे ठरत नाहीत. एकट्याच प्राण्याला असलेली खूणही नातं सांगत नाही. नाकपुडी पॅरासुकसला ओळखायला उत्तम, पण तो कुणाचा भाऊ हे तिच्यावरून कळणार नाही. ओळख पटवणारी खूण आणि नातं सांगणारी खूण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नातं सांगतात त्या फक्त नव्या आणि वाटून घेतलेल्या खुणा. आपल्या तक्त्यात अशा दोनच आहेत, मनगट आणि घोटा. मनगटामुळे टेरेस्ट्रिसुकस आणि मगर एका फांदीवर बसतात. घोट्यामुळे पॅरासुकस त्या फांदीच्या बुडाशी येतो.

आता एक प्रयोग. सहावा प्राणी म्हणून घडियाल घ्या आणि 'लांब निमुळता जबडा' हा सातवा रकाना वाढवा. पॅरासुकस आणि घडियाल दोघांना १ मिळेल. त्या एका रकान्यावर विश्वास ठेवून दोघांना शेजारी बसवलंत, तर मनगट आणि टाळूछत मगरीत आणि घडियालमध्ये वेगवेगळं दोनदा घडलं असं मानावं लागेल, आणि खिडकीही दोनदा बुजली असं. त्यापेक्षा लांब जबडाच दोनदा घडला असं मानणं सोपं. कमीत कमी वेळा बदल मानावा लागेल ते झाड निवडायचं, हा या कामाचा साधा नियम. संगणक हेच करतो, फक्त शेकडो खुणा घेऊन.

आणि तरीही पॅरासुकसची फांदी पक्की नाही. घोट्यावर भर देऊन फायटोसॉरांना मगरीकडच्या मोठ्या शाखेत, स्यूडोसुकियात, अगदी बुडाशी ठेवण्याची पद्धत बरीच वर्षं चालली. २०११ मध्ये स्टर्लिंग नेस्बिट यांनी मोठा तक्ता मांडला, त्यात फायटोसॉर मगरी आणि पक्षी या दोन्ही शाखांच्या बाहेर, आर्कोसॉरांच्या उंबरठ्यावर आले. तसं असेल तर खुंटी-खोबणीचा घोटा जुनाच ठरतो आणि पक्ष्यांच्या शाखेने तो नंतर गमावला असं मानावं लागतं. २०१६ मध्ये मार्टिन एझकुरा यांच्या मांडणीत ते पुन्हा मगरीच्या शाखेच्या बुडाशी आले. म्हणून 'मगरीचे नातेवाईक' म्हणणं ठीक आहे, जवळचे की लांबचे हे मात्र कुणी ठासून सांगत असेल तर थोडं थांबून ऐका.

फायटोसॉर ठरला, आता पॅरासुकस कसा ठरवायचा?

पुन्हा कवटीचा वरून काढलेला फोटो. दोन गोष्टी बघा. पहिली, नाकपुडी आणि डोळ्यापुढची खिडकी यांत पुढे कोण? पॅरासुकस हा फायटोसॉरांतला आदिम. त्याच्यात नाकपुड्या मागे सरकल्या आहेत, पण अजून खिडकीच्या पुढेच आहेत. पुढारलेल्या फायटोसॉरांत त्या आणखी मागे, खिडकीच्या वर किंवा मागे जातात. दुसरी, डोळ्यांमागच्या वरच्या खिडक्या. पॅरासुकसमध्ये त्या कवटीच्या छपराच्याच पातळीवर आहेत आणि वरून पूर्ण दिसतात. पुढारलेल्या प्रकारांत त्या खाली दबतात आणि वरून कमी दिसतात.

आकारावर जाऊ नका. मलेरीचे चांगले सांगाडे अडीच मीटरच्या आसपास आहेत, पण वयाने लहान फायटोसॉर कुठल्याही प्रजातीचा तेवढाच असू शकतो.

प्रजातीच्या पातळीवर अजून एक अडचण येते आणि ती हाडांची नसून नावाची आहे. हिस्लोपी हे नाव स्टीफन हिस्लॉप यांच्यावरून. नागपुरातले हे मिशनरी दगड-जीवाश्मांचे मोठे जाणकार होते आणि नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. १८७० मध्ये टी. एच. हक्सली यांनी पॅरासुकस हे नाव वापरलं, पण नीट वर्णन दिलं नाही. १८८५ मध्ये रिचर्ड लायडेकर यांनी ते दिलं. त्यांच्यापुढचा ऐवज तोकडा होता: जबड्याचा तुकडा, दात, ढालीच्या पट्ट्या, आणि त्यात ऱ्हिंकोसॉर नावाच्या भलत्याच प्राण्याच्या कवटीचा भागही मिसळलेला. पुढे जगभर फायटोसॉर मिळत गेले आणि लायडेकर यांनी वेगळेपणाच्या म्हणून सांगितलेल्या खुणा अनेक फायटोसॉरांत असल्याचं दिसलं. नाव होतं, पण ते कुणाचं हे सांगता येईना.

१९७८ मध्ये कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमधल्या संग्रहातल्या दोन जवळजवळ पूर्ण सांगाड्यांचं वर्णन शंकर चटर्जी यांनी प्रसिद्ध केलं. त्यांच्याच अर्जावरून प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २००३ मध्ये त्यातला एक सांगाडा या नावाचा नवा आधार-नमुना म्हणून मान्य केला. तेव्हापासून 'हा पॅरासुकस हिस्लोपी आहे का' याचा अर्थ 'हा त्या सांगाड्याशी जुळतो का' असा झाला. २०१६ च्या एका अभ्यासात, अमेरिका आणि युरोपातल्या ज्या फायटोसॉरांना पॅलिओराइनस वगैरे नावांनी ओळखत होते त्यांतले काही याच वंशात, म्हणजे पॅरासुकस या नावाखाली, घेतले गेले. जुनी पुस्तकं वाचताना पॅलिओराइनस दिसलं तर हे ध्यानात असू द्या.

प्रत्यक्ष हाडं बघायची असतील तर

मूळ सांगाडे कोलकात्याला आहेत. सोलापूरहून जवळचं म्हणजे हैदराबाद. तिथल्या बिर्ला विज्ञान संग्रहालयात याच प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातला कोटासॉरस उभा आहे. तो पॅरासुकसनंतरचा, ज्युरासिक काळातला डायनोसॉर, पण मागच्या पायाच्या घोट्याजवळ थांबून सांधा कुठून जातो ते बघायला छान. जिवंत मगर आणि घडियाल प्राणिसंग्रहालयात बघा, आणि नाकपुडीपासून सुरुवात करा. सांगलीकडे कृष्णा-वारणेच्या काठावर मगरी आहेत. तिथे दुर्बिणीतूनच, पाण्यापासून लांब राहून. मगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिची कवटी, दात, कातडी काहीही घरी आणणं गुन्हा आहे, मेलेल्या मगरीचंसुद्धा.

आणि शेतात किंवा नदीकाठी खरोखर हाडाचा जीवाश्म वाटणारं काही दिसलं, तर उकरू नका. शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून जागेवरच फोटो काढा, थोडं मागे जाऊन आजूबाजूच्या थरांचा एक फोटो घ्या, मोबाइलमधून अक्षांश-रेखांश टिपा. हाड कुठल्या थरात होतं हे कळलं नाही तर त्याचं वय सांगता येत नाही. सुटून खाली पडलेला तुकडा असेल तर जुन्या कापडात गुंडाळून ठेवा, धुऊ नका, घासू नका, फेविकॉल तर अजिबात लावू नका. मग विद्यापीठाच्या किंवा जवळच्या कॉलेजच्या भूशास्त्र विभागात, नाहीतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याला कळवा. फोटो पाठवताना तुटलेल्या बाजूचा जवळून घेतलेला एक फोटो जरूर जोडा, ते लोक पहिल्यांदा तोच मागतात.